भिवंडी का पेटली नाही?

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. जवळची भिवंडी मात्र शांत राहिली. तीच भिवंडी, जी १९७० आणि १९८४ मध्ये होरपळली होती! तेथे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या होत्या. केवळ पुढाऱ्यांना नव्हे, दोन्ही समाजांच्या साध्या माणसांना त्यांनी एकत्र बसवले. लहानसहान तंटे तिथेच मिटत. अफवा उठली, तर खात्री करायला पलीकडच्या वस्तीत ओळखीचा माणूस असे.

आम्ही ईदला शेजाऱ्यांना शिरखुर्मा देतो, मग वर्षभर दार बंद. आमच्याकडची शांतता समिती सण तोंडावर आला की भरते आणि चहा पिऊन उठते.