अभिनंदन कशाबद्दल?

आमच्या सिहोऱ्यात, म्हणजे जबलपूरच्या हिंदी मुलखात, पाहुण्यांच्या स्वागताच्या फलकावर ‘हार्दिक अभिनंदन’ असे लिहिलेले दिसते. मराठी माणसाला प्रश्न पडतो, पाहुण्यांनी असे काय मिळवले? हिंदीत अभिनंदन म्हणजे आदराने केलेले स्वागतही असते. यश मिळाले की तिथे बहुधा ‘बधाई’ म्हणतात. मराठीत मात्र अभिनंदनाला कारण लागते. म्हणून आपण ‘निवड झाल्याबद्दल अभिनंदन’ म्हणतो. हा ‘बद्दल’ महत्त्वाचा.

शुभेच्छा म्हणजे शुभ इच्छा. ती पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी. एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कॅडेटचे अभिनंदन करावे आणि एसएसबीच्या मुलाखतीसाठी त्याला शुभेच्छा द्याव्यात. वाढदिवसालाही शुभेच्छाच, कारण नवे वर्ष अजून जगायचे असते.

‘शाबास’ हा शब्द फारसीतून आला. मूळ ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा. तो मोठ्यांनी लहानांना म्हणायचा. परेडनंतर उस्ताद आपल्याला शाबास म्हणतील, पण आपण उस्तादांना म्हणणार नाही. अभिनंदन मात्र कोणीही कोणाचे करू शकतो.

वायुसेनेतील अभिनंदन वर्धमान यांच्यामुळे हा शब्द देशभर घरोघरी पोहोचला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांचे मिग-२१ विमान पडले आणि ते पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. १ मार्चला ते अटारी-वाघा सीमेवरून मायदेशी परतले. पुढे त्यांना वीरचक्र मिळाले. गंमत म्हणजे ‘वर्धमान’, ‘बधाई’ आणि आपला ‘वाढदिवस’ हे तिन्ही शब्द संस्कृतातल्या ‘वृध्’, म्हणजे वाढणे, या एकाच धातूपासून आले आहेत.

अभिनंदन हा शब्दही संस्कृतच. ‘अभि’ म्हणजे कडे, ‘नंद्’ म्हणजे आनंदणे. दुसऱ्याकडे पाहून आपल्याला आनंद होणे, हा त्याचा गाभा. म्हणूनच ज्या शर्यतीत आपण दुसरे आलो, तिथे पहिल्या आलेल्याला हा शब्द म्हणणे सर्वांत जड जाते. हाउसमधल्या स्पर्धा आपल्याला वर्षभर खेळायच्या आहेत आणि पुढे त्याच मित्राच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आहे. तेव्हा नुसते ‘अभिनंदन’ म्हणून पुढे जाऊ नये. ‘शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तू वेग वाढवलास, त्याबद्दल अभिनंदन’ असे म्हणावे. आपण त्याची धाव खरोखर पाहिली, हे त्याला कळते.