आरएसव्ही आणि तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती

१९६६ साली अमेरिकेत तान्ह्या बाळांवर एका लशीची चाचणी सुरू होती. विषाणू होता रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, थोडक्यात आरएसव्ही. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. मोठ्यांची सर्दीवर सुटका होते. बाळाच्या श्वासनलिकेच्या टोकाच्या फांद्या मात्र मुळातच अरुंद. सूज येऊन त्या निम्म्या झाल्या की हवेला होणारा अडथळा सुमारे सोळापट वाढतो. छातीत घरघर सुरू होते, पोट उडू लागतं.

लस जुन्या, भरवशाच्या रीतीनं केली होती: विषाणू फॉर्मालिननं निकामी करायचा आणि टोचायचा. साल्क यांची पोलिओची लस अशीच होती. पण वॉशिंग्टनमध्ये भलतंच घडलं. लस घेतल्यावर ज्या बाळांना संसर्ग झाला, त्यांतली ८० टक्के रुग्णालयात दाखल करावी लागली. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली.

प्रतिपिंडं तर तयार झाली होती. पण पेशीत शिरण्यासाठी हा विषाणू जे 'एफ' प्रथिन वापरतो, त्याची दोन रूपं असतात: शिरण्यापूर्वीचं आणि शिरताना पालटलेलं. मारलेल्या विषाणूवर बहुतेक दुसरंच रूप उरलं होतं. त्यामुळे बाळांची प्रतिपिंडं विषाणूला चिकटत, पण त्याला नीट अडवू शकत नसत. शिवाय लशीनं प्रतिकाराला ॲलर्जीसारखं वळण दिलं आणि फुप्फुसांची सूज उलट वाढली. पहिलं रूप स्थिर करून प्रयोगशाळेत दाखवायला २०१३ साल उजाडलं. जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांचं ते काम. हीच युक्ती पुढे कोविडच्या लशींत कामी आली.

आरएसव्हीची या पहिल्या रूपावर बेतलेली नवी लस बाळाला न टोचता आईला देतात, आणि त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. गर्भानं आईच्या पेशींवर चालून जायचं नसतं. जन्मल्यावर आतड्यात वस्तीला येणाऱ्या जिवाणूंनाही सांभाळून घ्यायचं असतं. म्हणून नवजात बाळाची प्रतिकारयंत्रणा मुद्दाम आवरती असते. तिला टॉनिक पाजून जोर येत नाही. (दुकानांत 'इम्युनिटी'ची सिरपं खपतात, ती गोष्ट निराळी.) मधल्या काळात कामी येतात ती आईची प्रतिपिंडं. वारेतून ती बाळाकडे जातात, सर्वाधिक शेवटच्या तिमाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळात तर त्यांची पातळी आईपेक्षाही जास्त असू शकते. जन्मानंतर मात्र दर तीन-चार आठवड्यांनी ती निम्मी होत जातात. अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालेली ही लस तिथे म्हणूनच गर्भारपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांत देतात. त्याआधीच जन्मलेल्या बाळाला तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी निर्सेविमॅब हे तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन आहे. त्याची शेपटी अशी बदलली आहे की शरीर ते लवकर मोडीत काढत नाही; एकच टोचणी सुमारे पाच महिने पुरते.

खरी गरज आहे तिथे हे किती पोहोचेल, याची मला शंका आहे. २०१९ साली आरएसव्हीनं पाच वर्षांखालची अंदाजे एक लाख मुलं गेली, त्यांतली ९७ टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. आपल्या मेळघाटातल्या आदिवासी गावांत झालेल्या अभ्यासातही या विषाणूचे बळी नोंदले गेले. रुग्णालयाची पायरी न चढलेली अशी मुलं रुग्णालयाच्या आकडेवारीत येत नाहीत. तिथे आज हाताशी असलेला उपाय म्हणजे वेळेवर ओळखणं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.