इंजिनाविना आकाश

बुटीबोरीच्या माळावर तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि घारी पंख न हलवता त्या प्रवाहावर घिरट्या घेत उंच चढतात. ग्लायडरही हेच करते. त्याला इंजिन नसते. विंच नावाचे यंत्र लांब दोराने ते वेगाने ओढते आणि मिनिटाच्या आत सुमारे ३०० मीटर उंचीवर नेते. तेथे दोर सुटतो आणि पंखांवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज तेवढा उरतो. चांगले आधुनिक ग्लायडर स्थिर हवेत १ किलोमीटर उंचीवरून सुमारे ४० किलोमीटर तरंगत जाऊ शकते. पुण्यात हडपसर येथील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ग्लायडिंग केंद्रामुळे हा छंद महाराष्ट्राला परिचित आहे. दोन आसनी ग्लायडरमध्ये प्रशिक्षकासोबत बसून नवख्या माणसालाही हा आनंद घेता येतो.

घरातील ज्येष्ठांनी अशी इच्छा व्यक्त केली, की “या वयात कशाला?” हा प्रश्न ठरलेलाच असतो. वैद्यकीयदृष्ट्या मात्र निर्णय वयाच्या आकड्यापेक्षा प्रकृतीवर अवलंबून असावा.

अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका, अनियंत्रित रक्तदाब, फिट्स किंवा वारंवार येणारी भोवळ असल्यास उड्डाण टाळावे. हाडे ठिसूळ असतील, तर उतरतानाचा धक्का मणक्याला सोसणार नाही. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो पूर्ण शोषला जाईपर्यंत उड्डाण वर्ज्यच. उंचीवर वायू प्रसरण पावून डोळ्यातील दाब वाढतो. सर्दी असल्यास उतरताना कान दुखतात, म्हणून बेत पुढे ढकलावा.

प्रकृती ठीक असलेल्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उड्डाणापूर्वी हलका आहार घ्यावा, पुरेसे पाणी प्यावे आणि नेहमीची औषधे चुकवू नयेत. मधुमेहींनी उपाशी जाऊ नये. घिरट्यांमुळे मळमळ होऊ शकते. परंतु त्यावरील गोळी परस्पर घेऊ नये. अशा काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, क्वचित लघवीही अडते. उतरताना आवंढा गिळत राहिल्यास कान मोकळे राहतात.

तपासणीनंतर नकार द्यावाच लागला, तर काळजीवाहकांनी “आता वय झाले” असे म्हणू नये. नेमके वैद्यकीय कारण सांगावे. कारण समजले, की माणूस नकार पचवतो. वयाचे निमित्त ऐकून मात्र तो पुढची इच्छा बोलून दाखवणेच सोडून देतो.