मासा फिका पडण्याआधी

कोल्हापुरात स्थिरचित्राचा सराव करायचा म्हटला की पुढ्यात तांब्या, वांगी, कांदे, फार तर एखादी समई मांडली जाते. कलापुरातही मासळीच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. तांब्या दिवसभर तसाच राहतो. मासा मात्र रंग कालवेपर्यंत बदलू लागतो. मासळीच्या स्थिरचित्रांसाठी गाजलेला अमेरिकी चित्रकार विल्यम मेरिट चेस (१८४९–१९१६) झपाट्याने काम उरके, ते उगाच नव्हे.

पंचगंगेतून नुकताच काढलेला मासा उन्हात तिरका धरून पाहा. खवला जवळजवळ पारदर्शक असतो. चकाकी असते त्याच्या आतल्या बाजूच्या आणि कातडीतल्या पेशींची. त्यांत ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ स्फटिकांचे थर असतात. थराथरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि मासा हलवला की रुपेरी, निळसर, मधूनच गुलाबी झाक सरकते. काळा-पिवळा रंग वेगळ्या पेशींचा. त्यांतले रंगकण पसरतात किंवा गोळा होतात. मरणानंतर हे नियंत्रण सुटते आणि रंग पालटतो. मग बुबुळ दुधाळ होते, डोळा आत बसतो, कल्ल्यांचा लालभडकपणा तपकिरीकडे झुकतो. बाजारात कल्ला उचलून पाहणारी बाई हेच रसायनशास्त्र तपासत असते, आणि ती सहसा फसत नाही.

रंग पालटण्याआधीच माशाचे चित्र काढायला हवे, हे पुण्याकडे कर्नल विल्यम सायक्सने ओळखले होते. दख्खनच्या नद्यांकाठी तळ ठोकून त्याने मासे धरवले आणि पाण्याबाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ते चित्रकारापुढे ठेवले. मापे घेऊन काढलेली ती चित्रे लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८४१ मध्ये छापली. महाशीराची ‘टॉर खुद्री’ ही जात त्यानेच मुळा-मुठेतून नोंदवली. ते पाणी भीमेवाटे कृष्णेला मिळते, आपली पंचगंगा नृसिंहवाडीला. मासे सख्खेच म्हणायचे. सायक्सच्या हातून सुटलेला खवलचोर मात्र कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यातून सी. व्ही. कुलकर्णींनी १९५२ मध्ये नोंदवला. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा हा पठ्ठ्या चित्रकाराचे मॉडेलच विद्रूप करून ठेवतो!

सायक्सने वर्णन केलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज सापडत नाहीत. त्यामुळे एखाद्या जातीच्या ओळखीवरून वाद झाला की संशोधक त्याचे वर्णन आणि चित्र काढून बसतात, शेपटीची खाच आणि मिशा तपासतात, मग जाळे घेऊन पुन्हा नदीवर जातात.