कॅनपीवरचा लोकरीचा दोरा

ग्लायडर डावीकडे वळवायचा म्हणून शिकाऊ वैमानिक स्टिक डावीकडे झुकवतो आणि पहिल्या क्षणाला नाक सरकते ते उजवीकडे. ग्लायडरमध्ये बिघाड नसतो, शिकाऊ वैमानिकाचेही काही चुकलेले नसते. डावीकडे कलायचे तर उजवा पंख वर उचलावा लागतो. त्यासाठी उजव्या पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, म्हणजे एलेरॉन, खाली झुकतो. तिथली उचल वाढते, पण हवेत उचल फुकट मिळत नाही. उचल वाढली की हवेची ओढही वाढते. उजवा पंख वर जातानाच मागे खेचला जातो आणि नाकाला आपल्या बाजूला ओढतो. हा उलटा हिसका सगळ्याच विमानांत थोडाफार असतो, पण ग्लायडरचे पंख लांबलचक असल्यामुळे त्यात तो ठळक जाणवतो. शिकवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या जर्मन एएसके-21 या ग्लायडरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 17 मीटर आहेत. एलेरॉन असतात टोकांकडे, त्यामुळे तिथल्या थोड्याशा ओढीलाही भली लांब तरफ मिळते.

उपाय सगळ्यांना माहीत आहे. स्टिकबरोबर त्याच बाजूचा पाय दाबायचा, म्हणजे शेपटीचा रडर वळतो आणि नाक ताळ्यावर येते. प्रश्न उरतो तो किती दाबायचा हा. कमी पडला तर ग्लायडर वळणाच्या आतल्या बाजूला घसरतो, त्याला स्लिप म्हणतात. जास्त झाला तर शेपूट बाहेर फेकली जाते, तो स्किड. दोन्हींत धड हवेला तिरके भिडते आणि ओढ वाढते. इंजिन नसलेल्या विमानात ओढ वाढणे म्हणजे उंची गमावणे, आणि उंची हेच तर त्याचे इंधन. म्हणून हवा नेमकी समोरून येते आहे की कुशीवरून, हे वैमानिकाला सतत कळत राहावे लागते. ते सांगणारे उपकरण म्हणजे कॅनपीवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, बाहेरून चिकटवलेला दहाएक सेंटिमीटरचा लोकरीचा दोरा. इंग्रजीत त्याला यॉ स्ट्रिंग म्हणतात.

पुढचे टोक चिकटवलेले, मागचे मोकळे. हवा सरळ आली तर दोरा सरळ मागे लोळतो, तिरकी आली तर त्याच कोनात झुकतो. त्यात दुसरे काही नाही.

हे उपकरण विमानापेक्षाही जुने आहे. राइट बंधूंनी 1902 च्या शरद ऋतूत किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडरची शेकडो उड्डाणे केली, तेव्हा त्यांना हाच उलटा हिसका छळत होता. शेपटीचे उभे पंख सुरुवातीला घट्ट बसवलेले होते. एक पंख खाली गेला की ग्लायडर तसाच त्या बाजूला घसरत वाळूत घुसायचा. ते पंख हलते करावेत ही कल्पना ऑर्व्हिलची, आणि पंखांना पीळ देणाऱ्या तारांनाच ते जोडून टाकावेत ही विल्बरची. त्याच सुमारास विल्बरने समोर दोरा बांधला असे मानले जाते. डिसेंबर 1903 मधले इंजिनासहचे उड्डाण त्याच्या वर्षभरानंतरचे.

आजच्या बहुतेक विमानांत या कामासाठी वाकवलेल्या नळीतली गोळी असते. घाटातल्या वळणावर एसटीतला प्रवासी जसा बाहेरच्या बाजूला रेलतो, तशी स्किडमध्ये गोळी बाहेर जाते, आणि स्लिपमध्ये आत उतरते. म्हणजे गोळी हवा मोजत नाही. हवा तिरकी लागल्यामुळे विमानावर जो आडवा जोर येतो, तो ती मोजते. दोऱ्याला मात्र प्रत्यक्ष हवाच लागते. ग्लायडर सडपातळ आणि सावकाश उडणारा असल्यामुळे त्याच्यावरचा हा आडवा जोर बेताचाच असतो. गोळी जागची हलेपर्यंत दोरा केव्हाच कलून चुकलेला असतो. शिवाय गोळी पॅनेलवर असते, म्हणजे तिच्यासाठी मान खाली घालावी लागते. दोरा समोरच्या आकाशावर दिसतो. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, चार-पाच ग्लायडर घिरट्या घालत असताना नजर बाहेर असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते हा दोरा गोळीची स्वस्त नक्कल नाहीच. या कामात तो गोळीपेक्षा सरस आहे.

मग तो सगळ्याच विमानांवर का नाही? नाकावर पंखा असलेल्या विमानात काचेवरून जाते ती पंख्याने ढवळलेली हवा, तिच्यात दोरा भलतेच काही सांगेल. जिथे समोरची हवा स्वच्छ मिळते तिथे तो टिकून आहे. वीस किलोमीटरहून जास्त उंचीवर उडणाऱ्या यू-2 या अमेरिकी टेहळणी विमानावर तो आहे, एफ-14 या लढाऊ जेटच्या नाकावर होता, आणि रॉबिन्सन आर-22 हेलिकॉप्टरच्या काचेवर तर दोन दोरे असतात.

दोरा वाचताना नवशिक्यांचा गोंधळ उडतो, कारण गोळी आणि दोऱ्याचे मोकळे टोक एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जातात. गोळी जिकडे गेली तिकडचा पाय दाबायचा, पण दोऱ्याचे टोक जिकडे उडाले त्याच्या उलट बाजूचा. डाव्या वळणात रडर कमी पडला तर हवा डावीकडून येते, टोक उजवीकडे उडते, म्हणून डावा पाय.

टोक वळणाच्या आतल्या बाजूला झुकले, तर मात्र तो खरा इशारा समजावा. विशेषतः जमिनीजवळ. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर वैमानिक खाली आलेला असतो, पंख जास्त कलवायची भीती वाटते आणि धावपट्टीची रेघ तर हुकत चाललेली असते. मग तो नकळत पायाने नाक आत ढकलतो. आतला पंख आधीच संथ, तो आणखी संथ होतो आणि आधी त्याचीच उचल सुटते. ग्लायडर त्या बाजूला उलटून गिरकी घेतो, आणि सावरायला लागणारी उंची खाली शिल्लक नसते. ग्लायडरला ओढून वर चढवणाऱ्या विंचची केबल कमी उंचीवर तुटल्यावर घाईने घेतलेल्या वळणातही हेच होऊ शकते. पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे. तिथल्यासारख्या विंचवर शिकणाऱ्या प्रत्येकाला केबल तुटल्यावर काय करायचे याचा सराव एकट्याने उडण्याआधी करावाच लागतो.

आता दोरा लावण्याचे काम. दिसायला पाच मिनिटांचे, पण धसमुसळ्या माणसाचे नव्हे. कॅनपी काचेची नसून अॅक्रिलिकची असते. तिच्यावर अॅसिटोन, थिनर किंवा काच पुसायचा स्पिरिटवाला फवारा मारला, तर केसासारख्या बारीक चिरांचे जाळे उमटते आणि ते जात नाही. साधे पाणी आणि मऊ, स्वच्छ कापड. जुन्या पट्टीचा चिकटा राहिला असेल तर ओल्या कापडाने धीर धरून काढायचा. नखाने किंवा ब्लेडने खरवडायचा नाही.

मध्यरेषा डोळ्याने ठरवू नये. शिंप्याची टेप कॅनपीच्या पाठीवरून एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत आडवी टाकायची आणि बरोबर निम्म्यावर कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा. वीतभर मागे जाऊन पुन्हा तेच. दोन तुकड्यांना जोडणारी रेघ ती मध्यरेषा. एवढी चिकाटी कशासाठी? नाकावर आदळलेली हवा मध्याच्या दोन्ही बाजूंना पांगत मागे जाते. मध्यरेषेवर ती सरळ असते, पण डावीकडे सरकावे तशी ती डावीकडे झुकलेली मिळते. बाजूला लागलेला दोरा ग्लायडर सरळ उडत असतानाही तिरका दिसतो, आणि वैमानिक त्याला सरळ करण्याच्या नादात स्वतःच स्लिप करत राहतो.

पुढे-मागे कुठे लावायचा ते ज्याने त्याने आपल्या जागेवर बसून, पट्टे आवळून ठरवावे. दोरा पॅनेलच्या जरा वर, समोर बघताना सहज नजरेत यावा. फार जवळ असेल तर दूरच्या ढगावरची नजर दर वेळी आखडून त्याच्यावर आणावी लागते. डोकेही मध्यावर हवे, एका बाजूला झुकून पाहिले तर सरळ दोराही वाकडा वाटतो. 1960 च्या दशकात भारतात तयार झालेल्या ‘रोहिणी’ ग्लायडरमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसत. अशा रचनेत मध्यरेषा कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

दोरा मऊ लोकरीचा, लाल किंवा तितकाच ठसठशीत रंगाचा हवा, म्हणजे आभाळावरही दिसतो आणि शेतांवरही. घट्ट पिळाचा धागा स्वतःच्या पिळानेच एका बाजूला वळतो, म्हणून पीळ सैल असलेला बरा. फार लांब दोरा चाबकासारखा फडफडतो, फार आखूड ताठ उभा राहतो. पुढचे टोक पारदर्शक चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्याखाली दाबायचे, आणि दोरा पट्टीखालून निघताना मध्यरेषेच्या दिशेनेच निघेल हे पाहायचे. पट्टीची पुढची कड बोटाने नीट बसवली नाही तर हवा तिच्याखाली शिरते, आधी शिट्टी वाजते आणि मग पट्टी दोऱ्यासकट जाते.

स्पर्धेत उतरणारे या तुकड्याबद्दलही कुरकुर करतात, आणि त्यांचे खोटे नाही. ग्लायडरच्या नाकावरून हवा शांत थरांनी वाहते. पट्टीच्या कडेला अडखळली की तिथून मागे पाचरीच्या आकारात खवळते आणि ओढ किंचित वाढते. म्हणून तुकडा लहान आणि पातळ हवा. दोराच काढून टाकावा इतका हा तोटा मोठा नाही.

बरोबर लागला की नाही हे जमिनीवर कळत नाही. शांत हवेत, पंख क्षितिजाला समांतर ठेवून, दूरच्या एखाद्या खुणेकडे नाक रोखून सरळ उडावे. ग्लायडरला एका बाजूला ओढणारे इंजिन नसते. त्यामुळे पंख समतल आणि दिशा स्थिर असताना हवा समोरूनच येत असली पाहिजे. तेव्हाही दोरा कललेला दिसला तर जागा चुकली आहे. उतरून पुन्हा टेप काढावी.

एवढे सगळे बिनचूक केले तरी एक फरक उरतो. थर्मलमध्ये ताशी 90 किलोमीटर वेगाने, 40 अंश कलून घिरट्या घातल्या तर वर्तुळाची त्रिज्या साधारण 76 मीटर येते. दोरा ग्लायडरच्या गुरुत्वमध्यापासून दीडेक मीटर पुढे आहे असे धरू. वर्तुळावर फिरताना नाकाला आणि गुरुत्वमध्याला हवा एकाच दिशेने लागत नाही. फरक दीड भागिले 76, म्हणजे एक अंशाहून जरासा जास्त. कॅनपीच्या गोलाईवर आडवी हवा वेग घेते, त्यामुळे दोरा हा कोन थोडा फुगवूनच दाखवतो. हिशेब असा निघतो की ग्लायडर अगदी अचूक फिरत असताना दोऱ्याचे टोक वळणाच्या बाहेरच्या बाजूला दोन ते चार मिलिमीटर झुकलेले असायला हवे. ते ओढूनताणून मध्यावर आणणारा खरे तर हलकासा स्किड करत असतो. मुरलेले शिक्षक घिरट्यांमध्ये टोक किंचित बाहेर राहू द्या म्हणतात, त्यामागे हा भूमितीचा आधार आहे. लावताना मिलिमीटरचा हट्ट धरायचा तोही त्यासाठीच. आपलीच चूक तेवढी असली तर हा फरक वाचायचा कसा?

कधी ग्लायडरमध्ये पुढच्या सीटवर बसायची संधी मिळाली तर दोऱ्यावर नजर ठेवा, पण कॅनपीवर धूळ दिसली म्हणून कोरडा रुमाल फिरवू नका. घासल्याने अॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि दोरा कॅनपीला चिकटून बसतो.