निसटत्या क्षणाला ‘रॉ’चा आधार

नकळत टिपलेल्या छायाचित्राला दुसरी संधी नसते. पाठवणीच्या वेळी वधूपित्याच्या डोळ्यांत तरळलेले पाणी छायाचित्रकाराच्या विनंतीवरून पुन्हा येत नाही. त्या क्षणी प्रकाशाचा अंदाज चुकला, तर प्रसंग कायमचा हातचा जातो. म्हणूनच कँडिड छायाचित्रण करणारे अनेक जण ‘रॉ’ स्वरूपाला पसंती देतात.

नेमका फरक काय?

‘जेपेग’ चित्र तयार करताना रंग, उठाव आणि तीक्ष्णता कॅमेराच ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. त्यात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या असतात. ‘रॉ’मध्ये संवेदकाने नोंदलेली माहिती जवळजवळ जशीच्या तशी राहते. १२ बिटच्या नोंदीत ४,०९६, तर १४ बिटच्या नोंदीत १६,३८४ पातळ्या मिळतात. त्यामुळे काळवंडलेला चेहरा संगणकावर उजळता येतो आणि मंडपातील दिव्यांमुळे चढलेली पिवळी झाकही कमी करता येते.

मर्यादाही मोठ्या

मात्र ‘रॉ’ म्हणजे सर्व चुकांवरचा उतारा नव्हे. प्रखर प्रकाशाने पूर्ण पांढरा पडलेला भाग, हललेले चित्र किंवा चुकलेला फोकस त्याने सुधारत नाही. ‘रॉ’ फाइल ‘जेपेग’च्या कित्येक पट मोठी असते. सलग छायाचित्रे घेतल्यास कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती लवकर भरते, वेग मंदावतो आणि नेमका हवा तो क्षण निसटू शकतो. मोजकीच छायाचित्रे सलग घेणे आणि वेगवान कार्ड वापरणे हा त्यावरचा उपाय.

विश्वासार्हतेचा प्रश्न

वृत्तछायाचित्रणात या निवडीला आणखी एक पैलू आहे. ‘रॉ’वरून संस्कारित केलेली छायाचित्रे पाठवू नयेत, मुळात ‘जेपेग’मध्ये टिपलेलीच पाठवावीत, अशी सूचना रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना दिली. वेग आणि सचोटी ही त्यामागची कारणे होती. याउलट, वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत मूळ फाइल हाच पुरावा मानला जातो. तेथे २०१५ मध्येच उपान्त्य फेरीतील सुमारे २० टक्के छायाचित्रे फेरफारामुळे बाद झाली होती.

एकच स्वरूप एकीकडे संशयाचे, तर दुसरीकडे साक्षीचे साधन ठरते. संस्कार करताना मूळ ‘रॉ’ फाइल सहसा बदलत नाही. बदलांची नोंद वेगळी राहते. त्यामुळे ती जपून ठेवणे हेच छायाचित्रकाराच्या हिताचे.