स्पीकर विकला, पण घरी आवाज आला का? टीव्हीला वायरलेस स्पीकर जोडून देण्याचा छोटा व्यवसाय



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टीव्हीला वायरलेस स्पीकर जोडण्याचं प्रात्यक्षिक बघितलं. व्हिडिओत हात चालतात, पण हिशोब मागे राहतो. म्हणून तो इथे लिहिते. सोबत माझी एक चूकही सांगते, कारण हे काम माझ्याकडे त्या चुकीतूनच सुरू झालं.

चूक काय झाली?

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. दुकानात गर्दी. आमचे नेहमीचे एक निवृत्त काका आले. काकूंना ऐकायला कमी येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवावा लागतो की वरच्या मजल्यावरून निरोप येतो. काकूंच्या खुर्चीजवळ ठेवता येईल असा छोटा स्पीकर त्यांना हवा होता.

"ताई, टीव्हीला चालेल ना?"

"चालेल की काका, ब्लूटूथ आहे ना!"

2,200 रुपयांचं बिल केलं आणि मी पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी काका परत. टीव्हीत स्पीकर दिसतच नाही म्हणाले. मी काय केलं? माझ्या फोनला जोडून गाणं लावून दाखवलं. "बघा काका, स्पीकर एकदम व्यवस्थित आहे." दोन दिवसांनी पुन्हा आले. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "स्पीकर चांगलाय गं, पण माझ्या घरी त्याचा उपयोग काय?"

मी पैसे परत दिले. उघडलेला बॉक्स 1,700 ला गेला. माझी खरेदी 1,850 ची होती, म्हणजे 150 रुपये खिशातून. पण खरा तोटा तो नव्हताच. घरातला फ्रीज, मिक्सर, गीझर सगळं आमच्याकडून घेणारा माणूस नाराज होऊन पायरी उतरला, तो तोटा मोठा.

चूक एकच होती. मी स्पीकरबद्दल बोलत होते, काका टीव्हीबद्दल विचारत होते.

आधी तीन प्रश्न, मग बिल

त्या दिवसापासून आमच्याकडे वायरलेस स्पीकरचं बिल करायच्या आधी तीन प्रश्न विचारतात. तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

1. टीव्ही कोणता आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो आहे का? नसेल तर घरी फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. तो फोटो म्हणजे तुमचं निम्मं काम.

2. बघता कशावर? सेट टॉप बॉक्सवर, टीव्हीतल्या अ‍ॅप्सवर, की स्टिक लावून? हा प्रश्न बहुतेक दुकानदार विचारतच नाहीत. फायर टीव्ही स्टिकला ब्लूटूथ स्पीकर थेट जोडता येतो. पण मग स्पीकरवर फक्त स्टिकवरच्या कार्यक्रमांचा आवाज येतो. बॉक्सवर मालिका लावली की आवाज पुन्हा टीव्हीतून.

3. ऐकणार कोण आणि कुठे बसून? पोरांना सिनेमात दणका हवा असतो, आजींना संवाद स्पष्ट हवे असतात. दोघांना एकच माल देऊ नका.

जोडायचे चार रस्ते

*पहिला: टीव्हीतच ब्लूटूथ आहे.* सगळ्यात सोपा प्रकार. सेटिंगमध्ये साउंड आउटपुट किंवा अ‍ॅक्सेसरीज असा पर्याय असतो, तिथे स्पीकर शोधायचा. दोन ठिकाणी गाडी अडते. एक, स्पीकर चालू होताच घरातल्या आधीच्या फोनला जाऊन चिकटतो आणि टीव्हीला सापडत नाही. म्हणून घरातल्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि स्पीकरचं ब्लूटूथ बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. दुसरं, काही टीव्हींचं ब्लूटूथ फक्त रिमोटपुरतं असतं, आवाज बाहेर पाठवत नाही. बॉक्सवर 'ब्लूटूथ' छापलेलं बघून हो म्हणू नका. साउंड आउटपुटच्या यादीत ब्लूटूथ स्पीकर दिसतो का, ते बघा.

*दुसरा: टीव्हीत ब्लूटूथ नाही.* इथे ट्रान्समीटर लागतो. छोटीशी डबी असते. टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ आउटमधून आवाज घेते आणि ब्लूटूथने स्पीकरला पाठवते. आवाज घ्यायच्या जागा तीन: हेडफोनचं 3.5 मिमी भोक, लाल-पांढऱ्या पिना, किंवा ऑप्टिकल.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दिसायला सारखेच असतात. गाडीत लावायची स्वस्त डबी बहुधा रिसीव्हर असते, ती आवाज घेते, पाठवत नाही. डबीवर टीएक्स लिहिलेलं बघूनच माल भरा. लाल-पांढरी वायर लावताना ती 'आउट'मध्येच आहे ना, तेही बघा. टीव्हीला 'इन'च्या पिनाही तशाच असतात. ऑप्टिकलवर सगळं जोडूनही आवाज आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. डॉल्बीवर राहिलं असेल तर साध्या ट्रान्समीटरला ते उलगडत नाही. आणि हेडफोनच्या भोकात पिन घातली की बहुतेक टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो. हे गिऱ्हाईकाला आधी सांगा, नाहीतर "टीव्ही बिघडवला" असा फोन येतो.

*तिसरा: साउंडबार.* दिवाळी आणि क्रिकेटच्या दिवसांत मागणी याला. साउंडबार ब्लूटूथने जोडता येतो, पण टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसीची केबलच लावा. ही सोय 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून आली. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्याच पोर्टला केबल लावायची आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचं. सीईसीला प्रत्येक कंपनीने आपलं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. हे झालं की टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो. एका रिमोटचं सुख लोकांना फार आवडतं.

*चौथा: वाय-फायचे स्मार्ट स्पीकर.* फोनवरच्या गाण्यांना उत्तम. सेट टॉप बॉक्सच्या आवाजासाठी कोणी मागितला तर थांबवा आणि दुसरा रस्ता सुचवा. विक्री थोडी लहान होईल, परतावा टळेल.

आधीच सांगून टाकायच्या गोष्टी

ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो. साध्या जोडणीत हा उशीर साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांचा असतो. कीर्तन, गाणी, मालिका यांत तो चालून जातो. बातम्या देणाऱ्याच्या ओठांकडे बघितलं की जाणवतो, आणि गेम खेळणारी पोरं तर लगेच ओरडतात. कमी उशिराचे ट्रान्समीटर मिळतात, पण ते तंत्र स्पीकरमध्येही असावं लागतं. एकाच बाजूला असून फायदा नाही.

दुसरं, वायरलेस म्हणजे विजेशिवाय नव्हे. साउंडबारचा वायरलेस सबवूफर टीव्हीपासून लांब ठेवता येतो, पण त्याला स्वतंत्र प्लग लागतो. जिथे ठेवायचाय तिथे सॉकेट आहे का, हे दुकानातच विचारा.

तिसरं, छोट्या स्पीकरचं ब्लूटूथ साधारण 10 मीटरपर्यंत धरा, आणि मध्ये भिंत आली की त्याहून कमी. मायक्रोवेव्ह आणि वाय-फायही 2.4 गिगाहर्ट्झ याच पट्ट्यात चालतात, म्हणून ट्रान्समीटर राउटरला चिकटून ठेवू नका.

आता हिशोब

माझं किट असं आहे:

- ऑप्टिकल आणि ऑक्स दोन्ही चालणारा डेमो ट्रान्समीटर: 1,300
- चार प्रकारच्या केबल: 700
- एक्स्टेन्शन बोर्ड, सेल, केबल टाय: 400

एकूण 2,400 रुपये. शहरातल्या शहरात एका व्हिजिटचे मी 350 घेते. पेट्रोल आणि किरकोळ खर्च 60 धरला तर हातात 290. म्हणजे नववी व्हिजिट झाली की किटचे पैसे निघाले. यात ट्रान्समीटर आणि केबलच्या विक्रीवरचं मार्जिन धरलेलं नाही. डेमोचा ट्रान्समीटर लावून दाखवायचा, पसंत पडला तर नवा द्यायचा, नाहीतर आपला काढून आणायचा. तुमच्या गावातले दर वेगळे असतील, आकडे बदला, पण कागदावर मांडा.

"जोडून देण्याचे कसले पैसे?" हे ऐकावं लागणारच. चिडू नका. स्पीकरच्या बिलावरच दोन ओळी छापा: दुकानात जोडणी समजावून देणं मोफत, घरी येऊन जोडणं 350, जोडणी जमली नाही तर चार्ज नाही. शेवटची ओळ लिहायला मी घाबरत होते. पण तीन प्रश्न आधी विचारले की ती ओळ क्वचितच महागात पडते. पैसे घेताना काय जोडलं, कोणत्या पोर्टला जोडलं, ते एका कार्डवर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा. केबलवाल्याने वायरी काढल्या की घरचे तेच कार्ड बघून पुन्हा लावतात आणि कार्डावरचा नंबर तुमचा असतो.

काकांच्या घरी

पैसे परत दिल्यावर चार दिवसांनी मी स्वतः काकांना फोन केला. "काका, एकदा टीव्ही बघायला येऊ का? घ्यायचं काही नाही." गेले. जुना एलईडी टीव्ही, ब्लूटूथचा पत्ता नाही. पण सेट टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढऱ्या पिना रिकाम्या होत्या. तिथे ट्रान्समीटर लावला, स्पीकर काकूंच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला. आधी दोन्हीकडून आवाज सुरू ठेवला तर स्पीकरचा आवाज मागून येऊन घुमायला लागला. मग टीव्ही म्यूट केला आणि फक्त स्पीकर चालू ठेवला. छोट्या हॉलमध्ये काकांनाही तेवढा पुरेसा होता.

काकूंनी पाचेक मिनिटं मालिका बघितली आणि काकांना म्हणाल्या, "अहो, जरा कमी करा की आवाज."

काका माझ्याकडे बघून हसले. स्पीकर आणि ट्रान्समीटर दोन्हींचं बिल त्याच संध्याकाळी झालं. पहिल्या व्हिजिटचे पैसे मी घेतले नाहीत, ते माझ्या चुकीचे होते. त्यानंतर त्यांच्याच बिल्डिंगमधून मला तीन कामं आली, त्या तिन्हींचे घेतले.

तुमचा गृहपाठ

या रविवारी आपल्या घरचा टीव्ही भिंतीपासून पुढे ओढा. मागची सगळी पोर्ट वहीत काढा आणि प्रत्येकापुढे 'आवाज बाहेर जातो' किंवा 'आवाज आत येतो' असं लिहा. मग दोन नातेवाइकांच्या घरी हेच करा. तीन टीव्ही झाले की किट घ्यायचं का, ते ठरवा. आधी खर्च करू नका.

अडलं तर टीव्हीच्या मागचा फोटो पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच काही फोटो घेऊन बोलू.

भेटूया!